लायलॅकची छाटणी आणि माझ्या स्वयंपाकघराचा पडदा

प्रिय कॉर्नीलियाताई,

तुझे गुडघे आता बरे असतील. (नसतील, तर तू व्यायाम करत नाहीस.) माझी प्रकृती उत्तम आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण थंडीआधी घर विकून हार्टफर्डला तुझ्याकडे यावे हा धोशा तू सोडलेला नाहीस, आणि माझ्या साध्या सर्दीचाही तू पुरावा करतेस.

स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचे लायलॅकचे झुडूप फार माजले होते. एसा गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. फुले सगळी शेंड्याला, खाली नुसती लाकडे. मेमोरियल डेला एसाच्या थडग्यावर न्यायला गुच्छ काढायचा तर शिडी लावावी लागली. फुले सुकली, आणि समोरच्या घरातला डेल्बर्ट पेल्की करवत घेऊन दारात हजर. लायलॅक फुले सरल्याबरोबर छाटावे, उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्या जातात, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या माणसाने मला कधी बर्फ काढायचे फावडे उसने दिले नाही, तो फुकट छाटून देतो म्हणाला, तेव्हा मी खुर्ची बाहेर आणून पहाऱ्यालाच बसले. आणि बरे झाले बसले! जुनी जाड खोडे सगळी गोठ्याच्या बाजूला, आणि हा कापतोय माझ्या खिडकीसमोरची. एक खोड कापायचे, रस्ता ओलांडून स्वतःच्या घरात जायचे, परत यायचे, दुसरे कापायचे. (चहाला जातो म्हणावे, तर तो कॉफी पितो, आणि तीही आमच्याकडे.) घर रस्त्यावरून नीट दिसावे, म्हणजे गिऱ्हाईक येईल, असा तुमचा दोघांचा कट मी ताबडतोब ओळखला.

"डेल्बर्ट, घर विकायचंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. विकताय का?"

"मग माझी खिडकी कशाला उघडी पाडताय?"

त्याने करवत पँटला पुसली. "तुमच्या ताईंचा फोन येतो रोज सकाळी सातला. ऑगस्टा उठली का, म्हणून. तुम्ही त्यांचा फोन उचलत नाही म्हणे. पूर्वी माझ्या खिडकीतून तुमचा पडदा वर गेलेला दिसायचा. हे झुडूप वाढल्यापासून मी आपला अंदाजानं 'हो' सांगतोय."

अंदाजाने! म्हणजे मी इथे जमिनीवर मरून पडले असते, तरी हार्टफर्डात रोज सातला उठलेली असते. तुझ्यावर किती संतापले ते लिहीत नाही. त्याला एवढेच म्हटले, डावीकडची ती फांदी पण काढा, आडवी येते.

तुझी,
ऑगस्टा

ता. क. बाबांची वाकड्या पात्याची करवत तुझ्या गॅरेजात आहे, ती पाठव. जुनी खोडे वर्षाला एक तृतीयांशच काढायची असतात. तेव्हा अजून दोन उन्हाळे मला इथून हलता येणार नाही.

ता. क. २. आता मलाही डेल्बर्टची खिडकी दिसते. काल आठ वाजले तरी पडदा खालीच. शेवटी जाऊन दार बडवले. झोपला होता. सातला तुला काय सांगितले त्याने, ते कळव.