पेपरातला उंदीर

मंगळवार, संध्याकाळ

आजही तोच उंदीर. सरकारी दवाखान्यात खाटेखाली उंदीर, असा फोटो पेपरात आला त्याले दोन महिने झाले. कौसाबाईनं तो कागद अजून घडी घालून जपून ठेवला आहे. तिच्या सुनेचे दिवस भरत आले, अंगात रक्त नाई, मागच्या खेपेले घरीच मरता मरता वाचली. गावची आशाताई म्हणून माझं कामच ते, बाळंतपण सरकारी दवाखान्यातच करा असं मी समजावून राह्यली, पण घसा बसला आता. उंदीर होता, खोटं काऊन बोलू? पण त्याच खाटांवरून किती बाया लेकरू घेऊन धडधाकट घरी आल्या, त्यांचा फोटो कोण काढते? मले आज चिडच आली.

शेवटी कौसाबाईनं कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "ताई, तू सोताच्या पोरीले नेशीन काय तिथी?"

"हो, नेईन ना," मी म्हटलं.

तेवढ्या एका शब्दावर ती तयार झाली. उद्या सकाळी गाडी येणार आहे.

माझ्या पोरीले सातवा लागला. तिचं नाव चंद्रपूरच्या खाजगी दवाखान्यात टाकलं आहे. मीच टाकलं. तो उंदीर पेपरात आला, त्याच हप्त्यात.