आमच्या आडनावातलं ‘ऑर’

१२ जून ८९
बाबा आज आपले आपण उठून बसले. लकवा मारल्यापासून बोलणं गेलं, उजवा हात गेला. नजर मात्र तीच, मास्तरची. पेज अर्धी सांडली. मी पुसायला धावली तर आई म्हणे, “सांडू दे ना. कायले लगेच पुसून राहिली? त्याईले वाईट वाटते.”
ऑफिसात निराधार पगाराची, म्हणजे विधवा-अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची यादी. काँप्युटरनं फारच थोडी नावं दिली. काहून?

१४ जून
सापडलं. विधवा ‘किंवा’ अपंग, असं विचारायचं होतं. प्रोग्रामच्या जुन्या ओळी तशाच चालत आलेल्या, त्यात ‘ऑर’च्या जागी ‘अँड’. म्हणजे विधवा असून अपंगही, तीच बाई यादीत. बाकीच्या बाहेर! यादी अजून गेली नव्हती म्हणून बरं.
पडद्यावर सगळीच अक्षरं हिरवी. नाव काय नि ‘अँड’ काय, नजर घसरतेच. एक लहानसा प्रोग्राम लिहावा म्हणते. ओळी टाइप करतानाच अँड, ऑर, नॉट उजळ दिसले पाहिजे.

१८ जून, रविवार
प्रोग्रामच्या ओळी छापलेले कागद घरी आणले. लाल पेन्सिलनं खुणा करत होती, बाबांनी डावा हात पुढं केला. दिली पेन्सिल. ‘अँड’भोवती गोल. वाकडातिकडा, पण बरोबर. मग ‘ऑर’. आंबागडच्या शाळेत व्याकरण शिकवायचे...
आई म्हणे, “पाह्य वं, मास्तर पेपर तपासून राहिले!”
बाबा हसले. एकाच बाजूनं. दुखण्यानंतर पहिल्यांदा.

२२ जून
प्रोग्राम चालला. आणि फजिती. ओळींच्या सुरुवातीला माझं नाव टाकलं होतं. इंग्रजीत ‘बोरकर’ लिहिलं की पोटात ओ-आर येतं. तेवढंच उजळ झालं! साहेब म्हणे, “बोरकर बाई, यानं तर तुमचंच आडनाव फोडलं.”
संध्याकाळी त्याच ओळींचा छापलेला कागद बाबांसमोर. गोल करत करत आडनावाशी आले, थांबले, पुढं गेले.
“बाबा, इथं बी ओ-आर आहे ना?”
मान हलवली. नाही. प्रोग्रामात खरा ‘ऑर’ दोन टिंबांच्या मधे लिहितात; त्यातल्या आधीच्या टिंबावर पेन्सिल टेकवली, मग नंतरच्या. मग आडनावावर बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण. तेच बोट माझ्या कपाळाला लावलं.
मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. बराच वेळ आतच.

२७ जून
दोन्हीकडं टिंब असेल तरच उजळ, असं केलं. आता चुकत नाही. यादी नव्यानं काढली, चांगली लांब. मोहाडीची एक म्हातारी विचारत आली. नाव दाखवलं.
“हाये का खरंच? कुठी?”
वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

३ जुलै
पुण्याच्या ट्रेनिंगला माझं नाव. दिवाळीपर्यंत तिकडंच. आई म्हणे, “जा बाप्पा, मी आहो ना.” पण एकटी आई बाबांना उठवणार कशी...
बाबांना विचारलं, “जाऊ का?”
डावा हात वर केला, तळवा माझ्याकडं. आशीर्वाद देऊन राहिले का थांब म्हणून राहिले? पुन्हा विचारलं. हात तसाच. डोळे भरलेले, पण ते आजकाल कशानंही भरतात.
साहेबांना उद्या सांगायचं आहे. बाबांचा हात अजून वरच होता, तो मीच खाली घेतला. माझ्या दोन्ही हातांत धरून बसली.