पंपाच्या चौकीतला फोन

मंगळवार, संध्याकाळ

पालीजवळ नदीकाठच्या पंपाच्या चौकीतला तांब्याच्या तारेचा फोन आज मीच काढला आणि नेटवरचा बसवला. राखणदार दगडूमामा तिथं एकटेच असतात, मोबाईलला रेंज नाही. आमच्या टेलिफोन ऑफिसातल्या साहेबांना म्हणालो होतो, जुन्या तारेला वीज एक्सचेंजमधून मिळते, चौकीतली लाईट गेली तरी फोन चालतो. ते म्हणाले, "एका चौकीसाठी अख्खी तार किती दिवस सांभाळायची? नेटच्या एका तारेवर सगळं गाव बोलतं." तेही खरंच.

आता पाऊस कोसळतोय, सगळीकडं लाईट गेलीय. मघाशी मामांना फोन लावला. आवाज तुकड्यातुकड्यानं आला. "पानी... पायरीला... न्हाई." पाणी चौकीच्या पायरीला लागलं न्हाई, की पायरीला लागलंय, आता थांबत न्हाई? मधले शब्द कुठं गेले? जुन्या तारेवर खरखर असायची, पण वाक्य पुरं यायचं. मग फोन बंदच पडला. नेटच्या डब्याची बॅटरी संपली असणार.

बायको म्हणते, "मामाला काय झालं न्हाई, फोनच बंद हाय." असेल. पण मामा बुडाले असते तरी मला इथं एवढंच ऐकू आलं असतं.

गाडी काढतो.