गढूळ समुद्राची गलबतं

नाना, काल ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून मी समुद्र ओतायला बसले होते. हसू नका. तुमच्या नातीनं पुण्याहून एक डबा पाठवलाय, त्यात ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या दोन बाटल्या, मऊ रबराचे साचे, बोटभर गलबतं, रंगाच्या पुड्या, वर हातमोजे आणि तोंडाला बांधायची पट्टीसुद्धा. फोनवर म्हणाली, "आई, तुझा वेळ जाईल." वेळ काही न करताही जातो, हे तिला अजून कळायचंय. तिचा फोन रविवारी येतो, मधल्या दिवसांत मी कुणाशी बोलले नाही तरी कुणाचं काही अडत नाही. बाटलीचं बूच उघडलं आणि मी नाक पुढे नेलं, तर वासच नाही. तुमच्या अंगाला येणारा तो डोक्यात जाणारा गोडसर वास, बेसन लावून हात धुतले तरी भाकरीला लागायचा तो, आताच्या मालाला येत नाही. मला एकदम इतकं एकटं वाटलं की बूच लावून मी तशीच उभी राहिले.

तुमचं काम उलटं चालायचं. वापीजवळच्या राखोलीत, शेठच्या कारखान्याच्या शेडमध्ये, शाळा सुटल्यावर मी दाराजवळच्या पोत्यावर बसून बघायची. पेपरवेटच्या वाटीसारख्या साच्यात आधी पारदर्शक माल, म्हणजे आकाश. तो दह्यासारखा धरला की गलबत त्यात डोलकाठी खाली करून ठेवायचं. त्यावर पुन्हा थोडं आकाश, आणि सगळ्यात शेवटी रंगवलेला समुद्र. साच्यातून काढून पालथं केलं की मग सगळं सुलट. शेजारचे लोक दीपस्तंभ ओतायचे, कुणी शंखशिंपले घातलेल्या की-चेन करायचे, मुंबईच्या दुकानांत तो माल जायचा. आणि गंमत अशी की तुमच्यासकट सगळी खानदेशातली माणसं, त्यातल्या एकानंही समुद्र बघितलेला नव्हता. गावाकडे नदीला पाणी आलं तर बघायला जाणारे आपण. शेठनं निळ्या रंगाचा डबा दिला होता, तुम्ही निळा समुद्र ओतत होतात.

आई गेल्यावर तुम्ही मला इथं घेऊन आलात, ते सगळ्यांच्या मनाविरुद्ध. चाळीतल्या एका खोलीत आपण दोघं. तुम्ही सकाळी निघायचात, मी कुलूप लावून शाळेत. संध्याकाळी समोरासमोर बसून जेवायचो आणि बोलायचो नाही. तुम्ही वाईट नव्हतात, पण आई गेली आणि तुमच्या तोंडचे शब्द तिच्याबरोबर गेले असं मला वाटायचं. मामाचे निरोप यायचे, पोरीला आमच्याकडे पाठवा. शेजारच्या गुजराती मावशी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भाऊ, लडकी जात छे, आखो दिवस एकली. मामा के घर छोड दो, उसमें भला है." तुम्ही नाही म्हणत नाही, याचीच मला भीती वाटायची. मामा चांगला होता हो. पण मला तुमच्याजवळ राहायचं होतं, तुम्ही बोला नाही तर बोलू नका.

मग तो रविवार. तुम्ही मला लवकर उठवता, डोक्याला तेल लावता, ते आईसारखं जमत नाही. "चाल, तयारी कर. जावानं शे." मी विचारते, "कोठे?" तुम्ही पाण्याची बाटली भरत राहता. खाकी कापडाच्या पिशवीचं तोंड नीट मिटलेलं नाही आणि त्यातून माझ्या सणाच्या फ्रॉकची झालर बाहेर आलीय. म्हणजे मामाकडे, मी समजले. वापीला उतरलो, तुम्ही थेट स्टेशनात. मला बाकावर बसवून तिकिटाच्या रांगेत उभे राहिलात. मी तुमच्या पाठीकडे बघत बसले. रडले नाही, कारण रडणाऱ्या पोरीला मामाकडे लवकर पाठवतील असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तुमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं असेल. तुम्ही बाजूला झालात, मागच्याला पुढे जाऊ दिलंत, आणि माझ्याकडे येऊन म्हणालात, "समुद्र देखना शे का तुले?"

दमणच्या टेम्पोत सगळे जण एकाच कामाला निघालेले, ते काम बाटलीतलं, दारूचं. एकानं तुम्हाला डोळा मारून विचारलं, "पोरीले संगे लई चालनात भाऊ?" तुम्ही म्हणालात, "आम्ही समुद्र देखाले जाई राह्यनूत." टेम्पोभर लोक हसले. तुम्हीही जरासे. किनाऱ्यावर ओहोटी होती बहुतेक. तुम्ही चपला काढून चिखलात उभे राहिलात आणि समुद्राकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "हाऊ समुद्र? इतला काया?" काळा म्हणताना कुणीतरी फसवल्यासारखा तुमचा आवाज होता. गाडीत प्यायला आणलेलं पाणी तुम्ही माझ्या पायांवर ओतून टाकलंत आणि त्या बाटलीत समुद्र भरून घेतलात. परततानाही वापीवरूनच, त्या स्टेशनापासूनच यायचं होतं. राखोलीचा पूल दिसला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर फ्रॉक तुम्ही पेटीत ठेवलात, घडी मोडू न देता. पाठवायचं का ठरवलं होतं आणि रांगेत काय झालं, यावर आपण कधी बोललो नाही. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात तुमच्या उशाशी मी कितीदा बसले, तेव्हाही नाही. मग तुम्ही गेलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाटली समोर ठेवून रंग लावायला लागलात. काळ्यात थोडा पिवळा, थोडी माती वाटेल असा तपकिरी. आठवडाभरातली सगळी गलबतं त्या गढूळ पाण्यावर उभी राहिली. शनिवारी शेठ आले तेव्हा मी पोत्यावर होते. त्यांनी एक उचललं, उजेडाकडे धरलं. "आ शुं छे? दरिया है कि गटर? आ रगडो कोण लेशे?" माझ्या मनात एकच, आता हे काम गेलं की मी मामाकडे. मान खाली घालून तुम्ही चूक झाली म्हणाल, असं मला वाटलं, कारण तुम्ही कुणाशीच कधी वाद घातला नव्हता. पण तुम्ही पॉलिश करायची बफाची मशीन बंद केलीत आणि म्हणालात, "शेठ, ऐसाच है. मैं और मेरी पोरी देखके आए. पोरी को पूछो." शेठ माझ्याकडे वळले. "बोल बेटा, कैसा था दरिया?" मी उभी राहिले. "काला. नाना बोलते वैसाच." शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाप-बेटी दोनों पागल. जा, सोमवार से ब्लू." काम राहिलं. घरी येताना पुलावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि आपणहून बोलायला लागलात. आईनं एकदा विहिरीत पडलेली कळशी कशी काढली ते सांगितलंत, सगळं, अगदी खोलीच्या दारापर्यंत.

त्या गलबतांतलं एक तुम्ही घरी आणलं होतंत. ते अजून माझ्याकडे आहे, पण इतक्या वर्षांत त्याचं आकाश पिवळं पडलंय, जुन्या तुपासारखं, आणि त्याच्यातून समुद्राचा खरा रंग आता ओळखू येत नाही. काल मी आकाश ओतलं, गलबत उलटं बसवलं, वर पुन्हा आकाश ओतलं, सगळं तुमच्यासारखं. समुद्राशी येऊन हात थांबला. डब्यात निळी पुडी आहे, ती मला नको. दमण इथून तासाभराच्या वाटेवर, पण मी परत कधी गेले नाही, आणि एकटीनं जाऊन त्या चिखलात उभं राहायचं माझ्यानं होईल असं वाटत नाही. तो रंग कसा होता हे विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही. साचा तसाच ओट्यावर आहे.

हा कागद मी त्या पिवळ्या गलबताखाली ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. शेठना मी बाटलीतल्या पाण्याचा रंग सांगितला होता, नाना. किनाऱ्यावर तुम्ही समुद्राकडे बघत होतात तेव्हा मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी सगळा वेळ तुमच्या हातातल्या त्या खाकी पिशवीकडे बघत होते.