अंगद, गाळू नको

नांदेड, लोहा रोड
रविवार, १४ डिसेंबर

तीर्थरूप नागाबाई मावशी,

पाया पडतो. तुम्ही पाय मागं घेणार हे माहीत आहे, तरी पडतो.

मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? शाळेतलं खिचडीचं पातेलं एकटीनं उतरवत जाऊ नका. अंगदच्या खांद्याचं हाड जुळत आलं असेल. डॉक्टर सांगेपर्यंत पट्टा काढू देऊ नका. खाज सुटली म्हणून तो काढायला बघणार, मी त्याला ओळखतो.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्हाला अंगदच वाचून दाखवणार. फोनच केला असता, पण तुमचा फोन त्याच्याच हातात असतो. माझा आवाज ऐकला की "आई कामात हाय" म्हणतो आणि ठेवतो. चार वेळा केलं त्यानं असं. आणि फोनवर माझा आवाज चढतो, खरं सांगतानासुद्धा भांडण करून राहिलो असं वाटतं. कागदावर तेवढं तरी होत नाही.

म्हणून आधीच सांगतो. वाचता वाचता अंगद खोकला, पाणी मागितलं, नाहीतर "पुढं काय न्हाई, नमस्कार लिवलाय" असं म्हणाला, तर समजा खरी गोष्ट तिथंच आहे. पत्र चार पानांचं आहे, पानांवर आकडे टाकलेत.

अंगद्या, तू पण ऐक. गाळू नको.

इकडची खबर अशी, की तुम्ही यायचं बंद केल्यापासून अप्पांचं घोड्यांचं मैदान निम्मं रिकामं झालं. आधी बारा लेकरं यायची, आज पाच आली. ती लहानी जया, जी कुणाशीच बोलत नाही, पण शेवंती घोडीवर बसली की गुणगुणायची, तिला आज दुसऱ्या घोड्यावर बसवलं तर तोंड शिवल्यासारखी बसली. शेवंतीला अप्पांनी मागं लिंबाखाली बांधलंय. गुरुवारी माळेगावची जत्रा सुरू होते. अप्पा तिला तिथल्या घोडेबाजारात विकणार आहेत.

पोराला पाडणारी घोडी म्हणून तिचं नाव लोह्यापर्यंत गेलंय. घेणारे तिच्या कपाळावरचा केसांचा भोवरा बघतील आणि म्हणतील, बघा, खोटाच, अपशकुनी आहे. असल्या घोडीवर कुणी नवरदेव बसवत नाही. ती वीटभट्टीवर जाईल.

तुम्ही अप्पांना म्हणालात, "ती घोडी हितं हाय तवर माझं लेकरू येणार न्हाई." कुठलीही आई हेच म्हणाली असती. तुमचं बघून बाकीच्या आया पण तेच म्हणाल्या. त्यात तुमची काही चूक नाही. चूक कुणाची ते सांगायलाच बसलोय, पण जरा लांबून यावं लागेल.

तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कंच्या कालेजात हाईस रं बाळा?" मी म्हणालो, सुट्टी आहे. सुट्टी नव्हती. लातूरला दुसऱ्या वर्षाला होतो. आपल्या मंजुश्री मॅडम तेव्हा तिथंच फिजिओथेरपी शिकत होत्या. मी त्यांना रोज स्टँडवर बघायचो. नुसता बघायचो. मेसमध्ये एक पोरगा त्यांच्याबद्दल वाईट बोलला, मी त्याच्या तोंडावर ताट मारलं. पंधरा दिवस काढून टाकलं मला. सोळाव्या दिवशी म्हणाले, माफीचा अर्ज लिही आणि वर्गात बस. मी लिहिला नाही. त्या दिवसापासून आमचे बापू माझ्याशी बोलले नाहीत. मग कळलं, मॅडम दर रविवारी नांदेडला अप्पांच्या मैदानावर येतात. मी पण आलो. सगळे म्हणायचे, बघा, एवढं तरणं पोरगं रविवारची सेवा करतंय. मावशी, मी सेवेला आलो नव्हतो. मी त्यांना बघायला आलो होतो.

आणि माझा हात धरून अंगदच्या मांडीवर ठेवला तो तुम्ही. "दाबू नको, सोडू बी नको. भाकर थापताना हात ऱ्हातो तसा ऱ्हाऊ दे." मग दुपारी डबा उघडून म्हणालात, "जेवलास का?" आमच्या घरी त्याआधी कित्येक महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. तुमची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी मान वर केली नाही. तुम्हाला वाटलं असेल पोरगा लाजतोय.

हळूहळू मी मॅडमला बघायचं विसरून अंगदचे पाय बघायला लागलो. कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे पाय घोडीवर अर्ध्या तासात सैल पडायचे. तुम्ही म्हणायचात, "रविवारच्या राती ह्याला विजार घालाया मला एकटीला बी जमतंय." ते ऐकलं की मला आठवडाभर पुरायचं. आता तीन आठवडे झाले. विजार घालताना तुमचे काय हाल होत असतील हे मला कळतं, आणि म्हणूनच जेवण जात नाही.

विसरलो म्हणालो, पण पूर्ण विसरलो नव्हतो. तुमचं लेकरू घोडीवरनं मला टोमणे मारायचं. "लख्या, मॅडम उजवीकडं हाईत, डावीकडनं मान वळवून मोडून घेशील." एकदा तर सगळ्यांदेखत म्हणाला, "घोडीवर बसलो मी आन् वरात निघाली तुझी!"

अंगद, आता इथं थांबायचं नाही. एका दमात वाच.

तेवीस नोव्हेंबरचा रविवार. अप्पांचा फौजेतला नियम तुम्हाला माहीत आहे. पुढं दोरीवाला, तो मागं वळत नाही. दोन्ही बाजूंना एकेक जण, हात स्वाराच्या मांडीवर. आभाळ कोसळलं तरी तो हात उठत नाही. दोरी अप्पांकडं होती, उजवीकडं तबेल्यातला सिद्धराम, डावीकडं मी. फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरनं मंजुश्री मॅडम उतरल्या, आणि उतरताना त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. बस, एवढंच. माझं डोकं फिरलं. तो कोण, काय, काही विचार केला नाही. माझा हात अंगदच्या मांडीवरून उठला आणि मी फाटकाकडं निघालो. एक पाऊल गेलो, दीड असेल.

मी काय करणार ते अंगदला कळलं. "लख्या, नगं!" म्हणून त्यानं वाकून मागून माझी कॉलर धरली. मला भांडणातनं ओढायला वाकला मावशी तो. आणि जिथं माझा हात पाहिजे होता, तिथं हात नव्हता.

घोडी बिचकली नाही. अंगद तिच्या पायाशी पडला तेव्हा तिचा पुढचा पाय चालता चालता उचललेला होता. तो तिनं खाली टेकवलाच नाही. आम्ही त्याला ओढून बाजूला घेईपर्यंत तीन पायांवर उभी राहिली, कान हलवले नाहीत. तो पाय खाली आला असता तर हे पत्र लिहायला मला तोंड राहिलं नसतं.

अप्पा दोरी धरूनच मागं आले. "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत अंगद खांदा धरून, दात आवळून म्हणाला, "घोडी बिचकली." अप्पांनी मला दोनदा बजावलं होतं, तिसऱ्यांदा भांडण केलंस तर फाटक बंद. ते त्याला माहीत होतं. सिद्धराम घोडीच्या पलीकडं होता, तुम्ही पाणी आणायला गेला होतात, दोघांना काही दिसलं नाही. आणि मी गप्प बसलो. पोराच्या तोंडावर ताट मारणारा मी, तिथं गप्प बसलो.

आज सकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ते घोड्याला खरारा करत होते, हात थांबला नाही. म्हणाले, "ठावं हाय. दोरी माझ्या हातात हुती. घोडी बिचकली असती तर दोरीला हिसका बसला असता. तीन हप्ते तुझ्या तोंडाकडं बघून ऱ्हायलोय."

मी म्हणालो, "मग इकता कशाला?"

"म्या बोललो तर लोक म्हणतील, फौजीनं घोडी वाचवाया पोरावर ढकललं. जिचं लेकरू पडलं तिच्या तोंडातनं आलं तरच घोडी ऱ्हाईल. गुरुवारपस्तोर वेळ हाय."

मावशी, मला माफ करा असं म्हणत नाही. मी मैदानावर नको असं म्हणालात तर येणार नाही. फक्त घोडीला माफ करा, तिनं काही केलेलंच नाही. आणि अंगदला मारू नका. आजवर माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं. त्याचे उपकार मोठे आहेत, पण त्या खोट्याचं ओझं त्या मुक्या जनावरावर आलं.

हे पाकीट नायगावच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं देतोय, उद्या तुम्हाला मिळेल.

तुमच्या भाकरीला न जागलेला,
लखन


नांदेड
गुरुवार, १ जानेवारी

मावशी,

साष्टांग नमस्कार. माळेगावात मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि गेल्या रविवारी मैदानावर पण नाही. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो, आणि घोडेबाजारात रडणाऱ्या माणसाला कुणी घोडं विकत नाही की त्याच्याकडून घेत नाही. म्हणून पुन्हा कागद घेतला.

त्या दिवशी मी शेवंतीची दोरी धरून रांगेत उभा होतो. देगलूरचा व्यापारी तिचे दात बघत होता. मी मनात म्हणत होतो, पत्र पोचलं नसेल, नाहीतर अंगदनं गाळलं असेल. तेवढ्यात गर्दीतनं अंगदची चाकाची खुर्ची उलटी ओढत तुम्ही आलात. धुळीत चाकं रुतत होती, पदर खोचलेला, घामानं कपाळ ओलं. मी खाली वाकलो, तर पाया पडायच्या आधीच चापट बसली. अंगद्या हसला, तर वळून त्याला पण एक दिलीत. "आन् ही तुला, खोटं बोलल्याची."

व्यापारी म्हणाला, "बाई, घोडी बघायलाव का मारामारी करायलाव?"

"घोडी इकायची न्हाई. घराकडं जावा तुमी."

मावशी, बापूंनी मला मारायचं सोडून बोलणंच बंद केलं होतं. त्या चापटीनं किती बरं वाटलं ते तुम्हाला कसं सांगू? त्यासाठी पहिले आभार.

दुसरे आभार रविवारचे. सगळ्या आयांसमोर तुम्ही म्हणालात, "घोडीचा काय बी कसूर न्हाई. कसूर माझ्या पोराचा हाय आन् ह्या पोराचा हाय." तुम्ही एसटीला गेलात आणि थोड्या वेळानं जयाच्या आईनं तिला शेवंतीवर बसवलं. अर्ध्या फेरीतच गुणगुण सुरू झाली. अप्पा दोरी धरून पुढं बघत चालत होते, मागं वळले नाहीत, पण मिशी हलताना मला दिसली.

मंजुश्री मॅडमनाही मी सगळं सांगितलं. तो माणूस महांतेश, उदगीरचा. त्यांचं लग्न ठरलंय. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लखन, आपण आजवर चार वाक्यं तरी बोललो का?" मी आठवून बघितलं. तीन भरली, त्यातली दोन खोगिराबद्दल. मग म्हणाल्या, "पण अंगदच्या पायांबद्दल तुम्ही वहीत लिहिता, ते मी दर वेळी वाचते. मला त्याचा उपयोग होतो." जीव दुखतो अजून, खोटं कशाला सांगू? पण राग येऊन राहिला नाही. नुसतं दुखतं.

कॉलेजला माफीचा अर्ज लिहून पाठवला. घेतील न घेतील.

आता जे बोलायला अवघड ते. अप्पांनी मला सांगितलं होतं, लीद काढायची, पाणी पाजायचं, कुठल्याही लेकराला हात लावायचा नाही. मला ते कबूल होतं. आणि रविवारी निघताना तुम्ही त्यांना म्हणालात, "ज्याच्या हातनं पडलं त्यानंच धरावं. दुसऱ्यानं धरलं तर ह्या दोघांच्या बी मनातलं भ्या जायचं न्हाई." अप्पांनी मान हलवली. मी तबेल्यामागं जाऊन बसलो.

डॉक्टरांनी अंगदला अकरा तारखेपासून घोडीवर बसायला सांगितलंय, असं सिद्धराम म्हणाला. तोवर मी शेवंतीवर ज्वारीचं पोतं बांधून रोज वीस फेऱ्या मारतो, पोत्यावर हात ठेवून. सिद्धराम म्हणतो, "पोत्याला इचार, भ्या वाटतंय का." पोत्याला नाही वाटत. मला वाटतं. फाटकाशी मोटरसायकल थांबली की अजून छातीत धडधडतं, पण हात हलत नाही.

तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवलात ते मी विचारणार नाही. विचारलं तर तुम्ही पुन्हा विचार कराल.

अकरा तारखेला पहिल्या एसटीनं या. मी स्टँडवर असेन.

ज्याच्या हातून तुमचं लेकरू पडलं आणि ज्याच्या हाती तुम्ही ते पुन्हा देताय, तो
लखन