अठरा मीटरसाठी बाण

प्रिय तुषार,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं नसशील. माझं अक्षर उजव्या हाताचंच आहे, पण कागद धरायला दुसरा हात नसला की तो सरकतो आणि ओळी उताराला लागतात. आता कागदावर पाण्याचा तांब्या ठेवून लिहितोय. पत्ता काकूंकडून, तुझ्या आईकडूनच घेतला. दिवाळीत तुला फोन केला होता. तू ‘हॅलो’ म्हणालास, मी ‘तुष्या’ म्हणालो आणि तिकडची रेंज गेली. बेळगावात रेंज इतकी वाईट असेल असं वाटत नाही. पत्र तसं मधेच तोडता येत नाही. फाडता येईल, पण फाडायच्या आधी माणूस थोडं तरी वाचतोच.

मी तिरंदाजी करतो हे काकूंनी तुला सांगितलं असेल. एका हातानं धनुष्य कसं ओढतात, हे गावात अजून मला विचारतात. सोपं आहे. धनुष्य उजव्या हातात धरायचं. दोरीला चामड्याची छोटी पट्टी बांधलेली असते, ती दाढांमध्ये धरायची आणि हात पुढे ढकलायचा. दात सोडले की बाण सुटला. ऐकायला सोपं आहे, म्हणजे. पहिल्या महिन्यात जबडा इतका दुखायचा की भाकरी दुधात कुस्करून खायचो. पारनेरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ भरली आणि म्हणाले, बाबा, दुसरा कुठलाही खेळ खेळ. ही पट्टीही मीच निवडली. आमच्या बैलाच्या गळ्यातला जुना पट्टा होता, त्यातून कापली. नवं चामडं दातांत घसरतं, जुनं चावायला बरं असतं. चव मात्र बैलाचीच येते.

सराव बजरंगमामांच्या बंद पोल्ट्रीत चालतो, राळेगणच्या रस्त्याला आहे ती. उघड्यावर आपल्याकडे काही खरं नाही. सुप्याच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा माझा बाण सरळ जाऊ देईल होय. आधी शाळेच्या मैदानात मारायचो तेव्हा बाण कुंपणापलीकडे ज्वारीत जायचे आणि आई खुरपताना गोळा करून आणायची. निकिताताईंनी मग ही पोल्ट्री शोधली. त्या पारनेरच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, स्वतः राज्यपातळीवर खेळलेल्या. शेड लांबलचक आहे, आत वारा शिरत नाही आणि इनडोअरला लागतं तेवढं अठरा मीटर अंतर मोजूनही मागे जागा उरते. ट्यूबलाइट लावल्या, चुना मारला. कोंबड्यांचा वास काही गेला नाही. पावसाळी हवेत तर वाटतं, आत्ता कुठूनतरी खुराड्याचं दार वाजेल.

तुला बाणांचं सांगायचंय. सगळे ‘ॲरो’ म्हणतात, मी तुला बाणच लिहितो. मी पहिले घेतले ते कार्बनचे, पेन्सिलीहून बारीक. मोठे खेळाडू तेच वापरतात असं मोबाईलवर पाहिलं होतं. ताई म्हणत होत्या थांब, पण मी ऐकलं नाही. ते एकजात उजवीकडे जायचे. मला वाटायचं माझा हात हलतो, मान वळते, पट्टी चुकते. आठवडाभर रोज संध्याकाळी स्वतःला शिव्या देत घरी यायचो. मग ताईंनी एक बाण हातात घेऊन वाकवून दाखवला. म्हणाल्या, “सुटताना बाण थोडा वाकावा लागतो, तेव्हा तो धनुष्याला वळसा घालून सरळ जातो. तुझं धनुष्य हलकं आहे. जबड्यानं ओढायचं म्हणजे हलकंच लागणार. त्याच्या ताकदीनं हे ताठ बाण वाकतच नाहीत. बाण चांगलेच आहेत रे, पण दुसऱ्या कुणासाठी.”

मग आम्ही पुण्याला गेलो. दुकानदारानं माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि पुढचं सगळं ताईंना विचारायला लागला. ताई म्हणाल्या, “त्याला विचारा, मारणार तो आहे.” मला तिथे दोन गोष्टी कळल्या. बाहेरच्या मैदानावर बारीक बाण घेतात कारण त्याला वारा कमी लागतो. आत वाराच नाही, मग बाण जाड घ्यायचा, नियमात बसेल तेवढा जाड. बाणाची कड जरी वरच्या गुणाच्या रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे तेवढाच नेम धरून जाड बाणाला कधी कधी एक गुण जास्त पडतो. म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचे जाड, मऊ वाकणारे बाण निवडले, लांबीला न कापता तसेच ठेवले आणि पुढे वजनदार टोक बसवलं. लांब बाण आणि जड टोक असलं की तो आणखी लवचीक वागतो. मागे प्लास्टिकच्या पात्यांऐवजी खरी पिसं लावली. थोड्या अंतरात बाण सावरायचा तर पीस बरं. मी म्हटलं, ताई, पिसं विकत कशाला, पोल्ट्रीच्या कोपऱ्यात पोतंभर पडलीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, एका बाणाची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, कोंबड्यांना विचारून ठेव कुठलं कुणाचं.

तू असतास तर या सगळ्यात रमला असतास. आपल्या गलोलीचं रबर सायकलच्या ट्यूबचं घ्यायचं की दवाखान्यातल्या नळीचं, यावर तू माझ्याशी अख्खी सुट्टी भांडला होतास. नळीचंच चांगलं निघालं होतं. आताही मला कुणीतरी असं भांडणारं हवं असतं. ताई सांगतात आणि मी ऐकतो, त्यात मजा येत नाही.

नवे बाण आले, जाड बाणासाठी धनुष्यावरचा टेकू आणि बाणाला बाजूनं आधार देणारं स्प्रिंगचं बटण पुन्हा बसवलं आणि सगळं जमलं. दिवाळीनंतर असे दिवस गेले की तीनही बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात. इनडोअरला एकाखाली एक अशी तीन छोटी लक्ष्यं असतात, एकेकात एकच बाण मारायचा, म्हणजे बाणावर बाण बसून फुटत नाही. मी डेअरीला दूध घालून आलो की शेडकडे पळायचो. नगरला निवड स्पर्धा होती, दिव्यांगांची. आता अहिल्यानगर लिहायचं, पण तोंडात नगरच येतं. ताई म्हणाल्या, असाच मारत राहिलास तर पुढे जाशील.

आणि मग बिघडलं. एक बाण वर, एक खाली, एक कुठेतरी कागदाच्या कडेला. मी टोकं बदलली. हलकी लावली, परत जड लावली. दोरीवरची बाण बसवायची जागा अर्धा दाणा वर घेतली. बटणाची स्प्रिंग सैल केली, घट्ट केली. पट्टी नवी कापली, मग जुनीच बांधली. घरी जेवताना मध्येच उठून बाणांची पिसं बघायचो. आई म्हणाली, अमृत, बस की जरा एका जागी. बसता येत नव्हतं. गोठ्यातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, असा फिरत राहायचो. शेवटी एक दिवस ताईंनी माझ्या हातातला पाना काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. म्हणाल्या, “बाण बरोबर आहेत, धनुष्य बरोबर आहे. आता यातलं काही हलवायचं नाही. तुझं काय बिनसलंय ते सांग.” मी म्हटलं, काही नाही.

बिनसलं कधीपासून, हे मला नेमकं ठाऊक होतं. तुझी आई आमच्याकडे आली त्या दिवसापासून. काकू सृष्टीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. आईनं कुंकू लावलं, चहा केला. पत्रिका देवापुढे ठेवली. आई आत गेल्यावर काकू माझ्या जवळ सरकून बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुषार न्हाई म्हंतो यायला. म्हंतो, अमृत मांडवात आसल, मी कोन्त्या तोंडानं येऊ.” मी कप खाली ठेवला. तेव्हा त्या खाली बघून म्हणाल्या, “तेवडा येक दिस तू न्हाई आलास बाळा, तर माजं पोरगं घरी यील. बहिनीच्या लग्नाला भाऊ नसंल तर लोकं काय म्हंतील.”

मी लगेच म्हणालो, बरं काकू, माझी त्या सुमारास नगरला स्पर्धाच आहे. खरं तर स्पर्धा लग्नाच्या तीन आठवडे आधी होती. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. आईच्या जागी त्या बरोबरच होत्या. पण ज्या सृष्टीला आपण दोघांनी सायकल शिकवली, तिच्या लग्नात मी दिसायला नको, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. पट्टी दातांत धरली की तेच आठवायचं, आणि दात आधीच सुटायचे.

गेल्या रविवारी स्पर्धा झाली. मोठा हॉल, चकचकीत फरशी, वासबीस काही नाही. पहिल्या फेरीत मी असे बाण मारले की शेजारचा व्हीलचेअरवरचा पोरगा माझ्याकडे बघून नजर वळवायचा. दुसऱ्या फेरीत जरा सावरलो. निवड झाली नाही. राखीव म्हणून नाव आहे. ताई म्हणाल्या, पुढच्या वर्षी. परतताना बसमध्ये त्या झोपल्या आणि मी बाणांची नळी मांडीवर घेऊन बसलो होतो. सुपा येईपर्यंत मी माझ्याशीच भांडत होतो, आणि शेवटी जे ठरलं ते तुला सांगायला हा कागद घेतला. त्याआधी मात्र त्या संध्याकाळचं बोलावं लागेल, कारण आपण दोघं ते कधीच बोललो नाही.

आमच्या अंगणातली कडबाकुट्टी. चारा अडकला म्हणून मशीन बंद करून मी त्याच्या तोंडात हात घातला होता. तू स्विचपाशी होतास. शेजारी ट्रॅक्टर घरघरत होता. मी ‘थांब’ म्हणालो, तुला ‘दाब’ ऐकू आलं. एवढंच झालं, तुषार. मी दवाखान्यात पडल्या पडल्या ते दोन शब्द किती वेळा पुटपुटून पाहिले असतील. ट्रॅक्टरच्या आवाजात ते सारखेच वाटतात. तू तुझा शर्ट फाडून दंड आवळून बांधलास, मला पिकअपमध्ये घालून नगरला आणलंस, माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, ज्यानं बांधलं त्यानं वाचवला. हे तुला कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. तू दाराबाहेर होतास असं आई-दादा म्हणाले. नंतर नव्हतास. आणि मग कळलं की बेळगावला फाउंड्रीत लागलास. दादांनी ते मशीन भंगारात दिलं. वर्षभर गुरांना अख्खा कडबा टाकला, मग मीच सांगून नवं आणवलं. ते मी चालवतो. स्विचही मीच दाबतो.

रागाचं खरं लिहितो. स्विचचा राग कधीच नव्हता असं म्हणणार नाही. होता. पाण्याचा तांब्या एका हातानं उचलायला शिकेपर्यंत होता. मग तो कसा गेला ते कळलंही नाही. दुसरा राग मात्र अजून आहे, तो म्हणजे तू आला नाहीस. टाके काढले तेव्हा आला नाहीस. मी पहिल्यांदा शर्टाची बटणं लावली तेव्हा आला नाहीस. दवाखान्यात दार वाजलं की मी मान वळवायचो. तू माझा हात घेतलास असं तू मनात धरून बसलायस. माझं म्हणणं असं की हात गेला तो गेला, पण त्याच्याबरोबर तूही गेलास, आणि ते ट्रॅक्टरच्या आवाजामुळे झालं नाही. ते तू केलंस.

तर पत्र लिहायचं कारण असं. काकूंना दिलेला शब्द मी परत घेतोय. उद्या त्यांच्याकडे जाऊन तोंडावर सांगणार आहे, पण आधी तुला. मी सृष्टीच्या लग्नाला येणार. मांडवात पुढे उभा राहणार, अक्षता टाकणार, पंगतीत बसणार आणि जिलेबी मागून घेणार. मी तिथे नाही असं समजून तू यावंस, हे मला नको आहे. आणि मी आहे म्हणून तू येऊ नयेस, हे तर त्याहून नको. माझ्याकडे बघवलं नाही तर जमिनीकडे बघ, बोलणं जमलं नाही तर बोलू नकोस, पण ये. लग्नाच्या आदल्या दिवशी पुण्याहून सकाळची नगर गाडी धर आणि सुपा फाट्यावर उतर. मी तिथे उभा असेन. मला ओळखायला तुला अवघड जाणार नाही.

रागासकट तुझाच,
अमृत