हरणीचं शिंग आणि माझ्या चकत्या

गंगावेस, कोल्हापूर
दिवाळीचा पाडवा होऊन सहावा दिवस, १९८८

ती. आक्काच्या पायांवर धोंडीरामाचा दंडवत (पडल्या पडल्याच, वाकायला डॉक्टरांची मनाई हाय). कोडोलीत सगळी खुशाल असतील. दाजींचा गुडघा काय म्हणतोय? मी जित्ता हाय, आणि नुसता जित्ता न्हाई, आख्ख्या गंगावेशीत नावाजलोय.

तर पाडव्याला दरसालासारखी आपल्या हरणी म्हशीची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. म्हशी पळवायच्या मिरवणुकीत पुढं मोटारसायकलीवर मी, मागं माझ्या हाकेवर पळणारी ती. काय पळाली गं! माणसं बघतच राह्यली. आणि त्याच भरात तिचं शिंग माझ्या कुशीत घुसलं, बरगडीच्या खाली. बोट जाईल एवढं भोक (सदरा नवाच होता). दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी पोट फाडून बघायची तयारी केली; आतडं फाटलं असलं तर माणूस हातचा जातो म्हणं. तुझ्या भावजयीनं, मीनानं तिथंच हंबरडा फोडला. पण तिथलेच दुसरे, मुजावर डॉक्टर म्हणाले, थांबा, सीटी स्कॅनचं नवं मशीन आलंय, आधी आत बघू, मग चाकू.

आक्का, मला त्या मशीनच्या गोल तोंडात सरकवलं आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तसं माझ्या चकत्यांचे फोटो काढले, कुठं न कापता! आतडं साबूत, मूत्रपिंड साबूत. शिंग नुसतं चरबीतनं तिरकं गेलंतं. डॉक्टर फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "धोंडीराम, ह्या चरबीनं वाचलासा." ऑपरेशन रद्द, नुसते टाके. आता तूच सांग, ही चरबी कुणाच्या दुधाची? आठ वर्षं धारोष्ण तांब्या मी कुणाचा रिचवला? फोटो खिडकीला लावल्यात, गल्ली रांगेनं बघून जाती. तालमीतल्या पैलवानांकडंबी असले फोटो न्हाईत.

मीनाला मात्र ह्यातलं काय पटत न्हाई. धन्याला शिंग मारणारी दारात नको म्हणून उद्या हातकणंगल्याच्या व्यापाऱ्याला हरणी द्यायला निघालीया.

तुझा भाऊ,
धोंडीराम

ता.क. पत्र घेऊन आलेल्या ख्वाजाभाईच्या टेम्पोत जरा डोकाव. व्हय, हरणीच हाय (मीना देवळात गेल्यावर चढवली). मीनाचा राग उतरंस्तवर हिला तुझ्या गोठ्यात ठेव.

आणखी एक. चूक हरणीची न्हाई. लोक टाळ्या पिटत होते, ते वळून बघायला मीच मधी ब्रेक दाबला. ती बिचारी हाकेवर आली. हे काय फोटोत उमटलं न्हाई, म्हणून मी मीनाजवळ बोललो न्हाई. तूबी बोलू नको. हरणीला तेवढं सांग, धनी बरा हाय. त्या दिवसापासनं ती पान्हा सोडत न्हाई.